मिररलेस कॅमेरा

मिररलेस कॅमेरा हा लेन्स बदलता येणारा, परंतु आत परावर्ती आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा आहे. यात लेन्समधून आलेला प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि ते दृश्य मागील पडद्यावर किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते. आरसा व पंचकोनी लोलक नसल्याने कॅमेरा लहान व हलका होतो; म्हणून व्यावसायिक कामाखेरीज रोज जवळ बाळगण्यासाठीही तो वापरला जातो. प्रस्तुत लेखात या दैनंदिन वापराचा, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यासारख्या उष्ण, धुळीच्या व कापूस पिकवणाऱ्या प्रदेशातील वापराचा विचार केला आहे.

रचना

डीएसएलआर कॅमेऱ्यात आरसा वर-खाली होण्यासाठी लेन्सची बैठक सेन्सरपासून दूर ठेवावी लागते. निकॉनच्या एफ बैठकीत हे अंतर ४६.५ मिमी, तर कॅननच्या ईएफ बैठकीत ४४ मिमी आहे. मिररलेस प्रकारात ते सोनी ई बैठकीत १८ मिमी आणि निकॉन झेड बैठकीत १६ मिमी इतके कमी झाले. वाचलेल्या जागेत अडॅप्टर बसवून जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्सही वापरता येतात. मात्र फोकस बहुधा हातानेच करावा लागतो.

कॅमेरा लहान असला तरी लेन्स लहान असतेच असे नाही. लेन्सचा आकार मुख्यतः सेन्सरच्या आकारावर व प्रकाश आत घेण्याच्या क्षमतेवर ठरतो. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, तर मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर सुमारे १७.३ × १३ मिमी असतो, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास एक चतुर्थांश. त्यामुळे खरा आटोपशीरपणा लहान सेन्सर आणि चपटी, एकाच नाभीय अंतराची लेन्स यांच्या जोडीत मिळतो. मोठी झूम लेन्स लावताच हा लाभ बहुतांशी संपतो.

इतिहास

२००४ सालचा एप्सन आर-डी१ हा आरसा नसलेला आरंभीचा डिजिटल कॅमेरा होता, पण तो रेंजफाइंडर पद्धतीचा होता. आजच्या अर्थाने या प्रकाराची सुरुवात २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या लुमिक्स जी१ने झाली. ऑलिंपसचा पेन ई-पी१ २००९ मध्ये, सोनीची नेक्स मालिका २०१० मध्ये आणि फुजीफिल्मचा एक्स-प्रो१ २०१२ मध्ये आला. सोनीने २०१३ मध्ये फुल-फ्रेम अल्फा ७ आणला. निकॉन व कॅनन यांनी फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरे २०१८ मध्ये सादर केले. या दोन्ही कंपन्यांच्या आधीच्या निकॉन १ व ईओएस एम या मालिका पुढे बंद पडल्या. लहान आकार हाच त्यांचा मुख्य गुण होता, हे लक्षणीय आहे. ईओएस एमच्या लेन्स कॅननच्या नव्या आरएफ बैठकीवर बसत नसल्याने जुना संच विकत घेणाऱ्यास ही बाब महत्त्वाची ठरते.

दैनंदिन वापर

सोनी अल्फा ६००० (२०१४) या कॅमेऱ्याचे वजन बॅटरी व कार्डासह सुमारे ३४४ ग्रॅम आहे. तो खांद्यावरच्या साध्या पिशवीत मावतो. या सोयीची किंमत बॅटरीच्या रूपाने मोजावी लागते. सेन्सर व पडदा सतत चालू राहत असल्याने प्रमाणित चाचणीनुसार हा कॅमेरा एका चार्जिंगमध्ये सुमारे ३६० छायाचित्रे घेतो. निकॉन डी७२०० या डीएसएलआरसाठी हाच आकडा १,११० आहे. जादा बॅटरी जवळ असणे म्हणूनच गरजेचे ठरते. यूएसबीवर चार्ज होणारे कॅमेरे पॉवर बँकेवरही चालवता येतात, हे भारनियमनाच्या काळात उपयोगी पडते.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती

बहुतेक उत्पादक कॅमेऱ्याच्या वापरासाठी ० ते ४० अंश सेल्सिअस ही मर्यादा देतात. यवतमाळात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ती सहज ओलांडते. सावलीत थोडी छायाचित्रे घेताना सहसा अडचण येत नाही. परंतु सलग व्हिडिओ घेताना सेन्सर तापून कॅमेरा आपोआप बंद पडू शकतो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कॅमेरा ठेवणे त्याहून घातक आहे.

आरसा नसल्यामुळे लेन्स काढताच सेन्सर बहुतेक कॅमेऱ्यांत उघडा पडतो. कापूस वेचणीच्या हंगामात जिनिंगच्या आवारातील तंतू किंवा वणी परिसरातील कोळशाची धूळ त्यावर बसल्यास निरभ्र आकाशाच्या प्रत्येक छायाचित्रात काळे डाग दिसतात. अशा ठिकाणी एकच लेन्स लावून निघणे श्रेयस्कर. बदलावीच लागली, तर कॅमेरा बंद करून त्याचे तोंड जमिनीकडे धरावे. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवल्यास ती टाळता येते.

यवतमाळ शहराचा नवरात्रातील दुर्गोत्सव प्रसिद्ध आहे. तेथील रोषणाईत मूक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, शटर वापरल्यास चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. यांत्रिक शटर व १/५० किंवा १/१०० सेकंद हा वेग ठेवल्यास हा दोष बहुधा जातो. काही एलईडी दिव्यांची लय वेगळी असते, तेव्हा वेग थोडा बदलून पाहावा लागतो.

हा जिल्हा वृत्तमाध्यमांत दीर्घकाळ शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भातच अधिक दिसत आला आहे. पोळा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, आठवडी बाजार, कापसाची वेचणी हे नित्याचे जीवन रोज जवळ असणाऱ्या कॅमेऱ्यात अधिक सहजपणे टिपले जाते. लहान कॅमेऱ्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. तथापि लक्ष न जाणे म्हणजे संमती नव्हे. दुःखात असलेल्या घरात तर परवानगी प्रथम, कॅमेरा नंतर.

पांढरकवड्याजवळील टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किमी क्षेत्राचे असून वाघांसाठी ओळखले जाते. येथे मूक शटरचा खरा उपयोग होतो, कारण पाणवठ्यावरील प्राणी आवाजाने बिचकत नाही. धावत्या प्राण्याचे चित्र मात्र या शटरने तिरपे येऊ शकते, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. शिवाय दूरच्या वाघासाठी लांब नाभीय अंतराची जड लेन्स लागते. आटोपशीर संच घेऊन जाणाऱ्याच्या हाती तेथे प्रामुख्याने सागाचे रान, वाटा आणि पाणवठ्याचा परिसर लागतो.