उदासीवरचं औषध, उन्मादाची वाट

स्वित्झर्लंडच्या ईशान्येला, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या मनोरुग्णालयात रोलांड कून हे डॉक्टर काम करत. १९५० च्या दशकात बाझलच्या गायगी कंपनीकडून त्यांच्याकडे नव्या रसायनांचे नमुने येत. त्यांतल्या एकाला धड नावही नव्हतं, नुसता क्रमांक होता: जी २२३५५. फ्रान्समध्ये नुकत्याच गाजू लागलेल्या क्लोरप्रोमझीन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाशी त्याची रचना मिळतीजुळती, म्हणून तेही त्या आजारावर चालेल अशी अटकळ होती. ते चाललं नाही. उलट इतके दिवस शांत असलेले काही रुग्ण बेचैन झाले, काहींना उत्साहाचं भरतं आलं. एक रुग्ण म्हणे रात्रीच्या कपड्यांतच सायकलवर टांग टाकून, मोठमोठ्यानं गात शेजारच्या गावाकडे निघाला.

कून यांनी ते रसायन मोडीत काढलं नाही. ज्यानं माणूस असा उसळतो, ते खचलेल्या माणसाला दिलं तर? जानेवारी १९५६ मध्ये तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर ते वापरून पाहिलं गेलं आणि काही दिवसांतच फरक दिसू लागला. जेवणाकडे पाठ फिरवून पडून राहणारी माणसं उठून बसली, बोलू लागली. सप्टेंबर १९५७ मध्ये झुरिकच्या जागतिक मानसोपचार परिषदेत कून यांनी हे मांडलं, तेव्हा ऐकायला जेमतेम डझनभर लोक होते. ते औषध म्हणजे इमिप्रामीन. पुढे ‘टोफ्रानिल’ या नावानं ते जगभर गेलं आणि ट्रायसायक्लिक औषधांचं घराणं त्यातून सुरू झालं.

ही गोष्ट बहुतेक वेळा नैराश्यावरच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. पण तिचा क्रम नीट पाहायला हवा. हे औषध उदासी घालवतं हे कळण्याआधी ते माणसाला उन्मादाकडे ढकलू शकतं, हे दिसलं होतं. बायपोलर आजार असलेल्या, म्हणजे उदासी आणि उन्माद या दोन टोकांत हेलकावणाऱ्या माणसांसमोर आजही जो पेच उभा राहतो, तो या औषधांच्या जन्मापासूनचा आहे. तो सोडवायचं काम मात्र जगानं फार उशिरा हाती घेतलं.

म्युन्स्टरलिंगेनची आणखी एक बाजू आहे आणि ती सांगायलाच हवी. तिथल्या कितीतरी रुग्णांना आपल्यावर नव्या औषधाची चाचणी चालू आहे हे ठाऊक नव्हतं. हे गाव ज्यात येतं त्या थुरगाऊ राज्याच्या सरकारनंच इतिहासकारांकडून या प्रकरणाची छाननी करून घेतली आणि २०१९ मध्ये तिचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध झाला. उदासीवरच्या पहिल्या गोळीचं श्रेय वाटताना ज्यांच्या शरीरावर ती पारखली गेली त्या माणसांनाही त्यात जागा असली पाहिजे.

त्याच सुमारास अटलांटिकपलीकडे दुसरा धागा विणला जात होता आणि त्याचं एक टोक मुंबईत होतं. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि वेडाच्या झटक्यांवरच्या तिच्या उपयोगाविषयी लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरच्या सर्पगंधेचा लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष तिकडे गेलं. तीनच वर्षांत सीबा कंपनीनं तिच्यातून रेसर्पीन वेगळं काढलं. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमध्ये नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. उत्तेजित रुग्ण शांत झाले. पण रक्तदाबासाठी रेसर्पीन घेणाऱ्यांपैकी काही जण उदास होऊ लागले, हेही डॉक्टरांच्या नजरेला आलं.

याच धाग्यातलं दुसरं औषध म्हणजे इप्रोनायझिड, मूळचं क्षयावरचं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात ते घेणारे क्षयरोगी हसूखेळू लागले, त्यांची भूक वाढली. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली. पुढे प्रयोगशाळेत दिसलं, की रेसर्पीननं मरगळणारा प्राणी आधी इप्रोनायझिड दिलेलं असेल तर मरगळण्याऐवजी चेकाळतो. क्लाइन यांनी ते नैराश्याच्या रुग्णांना दिलं आणि १९५७ मध्ये निष्कर्ष मांडले. क्षयावरची गोळी म्हणून आधीच दुकानात असल्यामुळे ती हा हा म्हणता लाखोंच्या हाती गेली. काहींना कावीळ झाली, यकृतं निकामी झाली, आणि १९६१ मध्ये अमेरिकेत ती मागे घेतली गेली.

योगायोग असा, की जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल लेओनहार्ट यांनी नुसत्या नैराश्याचे रुग्ण आणि नैराश्य व उन्माद या दोन्ही टोकांना जाणारे रुग्ण वेगळे धरावेत हा विचार मांडला तोही १९५७ मध्येच. त्याआधी, एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये आखलेल्या चौकटीत हे सगळे एकाच आजाराचे रुग्ण होते. १९६६ मध्ये झुरिकचे ज्यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनचे कार्लो पेरिस यांनी स्वतंत्रपणे, रुग्णांच्या घराण्यांचा अभ्यास करून, हे दोन आजार वेगळे असल्याचं दाखवलं. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत बायपोलर डिसऑर्डर हे नाव आलं ते १९८० मध्ये. म्हणजे अँटिडिप्रेसंट, अर्थात नैराश्यावरची औषधं सर्रास वापरात आली, त्यांच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या, तेव्हा दोन्ही तऱ्हेचे रुग्ण बहुधा एकाच यादीत होते. कोणाला गोळी लागू पडली आणि कोणाला ती उधळून गेली, याचा हिशेब वेगळा मांडायची सोयच नव्हती.

उन्मादावरचं औषध मात्र याआधीच सापडलं होतं. मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथे जॉन केड हे डॉक्टर एका पडक्या स्वयंपाकघरात गिनीपिगांवर प्रयोग करत. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर साडेतीन वर्षं त्यांनी जपान्यांच्या कैदेत, चांगीच्या छावणीत काढली होती. उन्माद हा शरीरात साठणाऱ्या एखाद्या विषामुळे होत असावा, असं त्यांना वाटे, म्हणून ते रुग्णांची लघवी तपासत. यूरिक आम्ल विरघळावं म्हणून त्यांनी लिथियमचा क्षार वापरला आणि गिनीपिग विलक्षण शांत झाले. त्यांची मूळ उपपत्ती चुकीची होती, हाती लागलेलं औषध मात्र खरं होतं. केड यांनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं.

त्यांचा पहिला रुग्ण एक्कावन्न वर्षांचा, सलग पाच वर्षं उन्मादात असलेला, वॉर्डाला नकोसा झालेला. मार्च १९४८ मध्ये त्याला लिथियम सुरू झालं आणि काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. बरं वाटतंय म्हणून त्यानं औषध सोडलं आणि तो पुन्हा रुग्णालयात आला. १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं त्याचा मृत्यू झाला. या आजाराची औषधं घेणाऱ्यांना आजही ज्या दोन गोष्टी बजावल्या जातात, मनानं बंद करू नका आणि रक्त तपासत राहा, त्या दोन्ही या एका माणसाच्या दोन वर्षांत घडून गेल्या होत्या.

डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी १९५४ पासून लिथियमच्या शिस्तशीर चाचण्या केल्या. त्यांच्या भावाला वारंवार नैराश्य येई. ते या औषधाची बाजू चिकाटीनं लढवत राहिले त्यामागे ही घरची वेदनाही होती. अमेरिकेनं लिथियमला परवानगी दिली १९७० मध्ये, केड यांच्या १९४९ च्या लेखानंतर एकवीस वर्षांनी.

केड यांच्या त्या लेखात एक बाब अशी आहे, जिच्याकडे सहसा कोणी वळत नाही. त्यांनी तीन नैराश्याच्या रुग्णांनाही लिथियम दिलं होतं आणि त्यांना त्याचा गुण आला नाही. लिथियम पुढे आजाराचे नवे झटके रोखायला फार मोलाचं ठरलं, पण आधीच गर्तेत असलेल्या माणसाला चटकन वर काढायला ते अनेकदा पुरं पडत नाही. आणि बायपोलर आजारातला मोठा काळ असतो तो गर्तेतलाच. अमेरिकेत १४६ रुग्णांचा सरासरी तेरा वर्षं आठवड्याआठवड्याला मागोवा घेतला गेला. २००२ मध्ये आलेल्या त्या अभ्यासानुसार सुमारे ३२ टक्के आठवडे उदासीचे होते, उन्मादाचे जेमतेम ९ टक्के. उन्माद चारचौघांत दिसतो, गाजतो. उदासी घराच्या आतल्या खोलीत वर्षानुवर्षं पडून असते. म्हणूनच अँटिडिप्रेसंट द्यावं की नाही हा प्रश्न डॉक्टरांना टाळता आला नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत विल्यम बनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्ण एका टोकावरून दुसऱ्या टोकावर नेमका कसा जातो, हे वॉर्डात बारकाईनं टिपलं. परिचारिकांच्या नोंदी इथे कामी आल्या. औषध बदललं की काय होतं, झोप कधी कमी होते, बोलण्याचा वेग कधी वाढतो, हे त्या नोंदींतून उलगडत गेलं. पुढे ट्रायसायक्लिक औषधांमुळे काही रुग्णांचे झटके अधिक जवळजवळ येऊ लागतात, असंही निरीक्षण मांडलं गेलं. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या नव्या अँटिडिप्रेसंटला परवानगी मिळाली. प्रोझॅक नावानं ते घराघरांत पोचलं. नवी औषधं जुन्यांपेक्षा पचायला सोपी आणि जास्त मात्रेत कमी घातक होती, त्यामुळे ती लिहून देणाऱ्यांचं वर्तुळ वाढलं. बायपोलर रुग्णांना ती सर्रास मिळू लागली, पण ती त्यांना खरोखर उपयोगी पडतात का, याचा भक्कम पुरावा त्या वेळी कोणाजवळच नव्हता.

तो पुरावा गोळा व्हायला आणखी वीस वर्षं लागली. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. मूड स्टॅबिलायझर, म्हणजे लिथियमसारखं मन स्थिर ठेवणारं औषध, चालू असलेल्या ३६६ रुग्णांपैकी काहींना जोडीला पॅरोक्सेटिन किंवा ब्युप्रोपिऑन दिलं, बाकीच्यांना बिनऔषधी गोळी. टिकाऊ सुधारणा अँटिडिप्रेसंट घेणाऱ्यांपैकी २३.५ टक्क्यांना झाली, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी २७.३ टक्क्यांना. जोडगोळीचा फायदा दिसला नाही. मात्र मूड स्टॅबिलायझर असताना उन्मादाचं प्रमाणही वाढलं नाही. पन्नास वर्षांची आशा आणि पन्नास वर्षांची भीती, दोन्हींना या आकड्यांनी आवर घातला. या काळात क्वेटियापिन, लुरासिडोन अशी बायपोलर नैराश्यासाठी परवानगी मिळालेली औषधंही हाताशी आली. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं बायपोलर वन, म्हणजे पूर्ण उन्मादाचे झटके येणाऱ्या प्रकारात अँटिडिप्रेसंट एकटं देऊ नये, असा स्पष्ट सल्ला दिला.

हा सगळा इतिहास एका माणसाच्या पहिल्या काही आठवड्यांत उतरलेला असतो. पुण्यात किंवा नागपुरात मानसोपचारतज्ज्ञ जुन्या लिथियमला किंवा व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या मूड स्टॅबिलायझरला अँटिडिप्रेसंटची नवी गोळी जोडून देतात, तेव्हा मात्रा बहुधा कमी असते आणि पुढची भेट लवकरची. पहिल्या दिवसांत मळमळ, डोकं जड होणं, अस्वस्थपणा येतो. मन हलकं व्हायला मात्र दोन-चार आठवडे, कधी जास्तही लागतात. त्रास आधी आणि गुण नंतर, हा क्रम सोसणं कठीण असतं. अनेकजण दहाव्या दिवशी ‘ही गोळी मला सोसत नाही’ म्हणून थांबतात, तेव्हा आधी डॉक्टरांना फोन करणं हाच शहाणपणा. आत्महत्येचे विचार वाढले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा.

खरी कसोटी पुढे असते. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेला मुलगा पहाटे चारला उठून कपाट आवरतो, नातेवाइकांना फोन लावतो, नव्या धंद्याचा बेत सांगतो. आई म्हणते, ‘कसा खुललाय बघा!’ घरच्यांचा आनंद खरा असतो. पण झोप तीन-चार तासांवर आली आणि तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैशांचा हात सैल सुटला, तर ती बरं होण्याची नव्हे तर दुसऱ्या टोकाकडे जाण्याची खूण असू शकते. बनी यांच्या वॉर्डात परिचारिका जे टिपत, ते इथे आईनं, बायकोनं, रूममेटनं टिपायचं असतं. झोपेचे तास कॅलेंडरवर लिहून ठेवणारी घरं डॉक्टरांचं निम्मं काम सोपं करतात.

नव्या गोळीबरोबर जुन्या लिथियमवरही लक्ष ठेवावं लागतं. त्याची रक्तातली पातळी तपासायची तर शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी रक्त द्यावं लागतं, म्हणून सकाळी लॅबमध्ये जाताना गोळी खिशातच ठेवायची. विदर्भातला मे महिना, जुलाब, निर्जळी उपास, अचानक मीठ सोडणं, दुखण्यावर परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी, यांतल्या कशानंही ती पातळी वर चढू शकते. केड यांच्या पहिल्या रुग्णाच्या काळी ही तपासणी नेहमीच्या वापरात नव्हती.

अँटिडिप्रेसंटची गोळी लागू पडली, तर ती किती काळ चालू ठेवायची? या प्रश्नावर २०२३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. कॅनडा आणि दक्षिण कोरियाबरोबर तिच्यात भारतातले रुग्णही होते. नैराश्यातून सावरलेल्या १७७ बायपोलर वन रुग्णांपैकी निम्म्यांचं अँटिडिप्रेसंट आठ आठवड्यांनी बंद केलं, निम्म्यांचं वर्षभर चालू ठेवलं. मूड बिघडण्याचा कुठल्याही प्रकारचा नवा झटका वर्षभर घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांना आला, लवकर थांबवलेल्यांत ४६ टक्क्यांना, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठाम ठरला नाही. नैराश्य परतलं ते वर्षभर घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांत आणि थांबवलेल्यांपैकी ४० टक्क्यांत. उन्माद किंवा सौम्य उन्माद मात्र पहिल्या गटात १२ टक्क्यांना झाला, दुसऱ्यात ६ टक्क्यांना. त्यामुळे सध्या डॉक्टर आठव्या आठवड्याच्या सुमारास रुग्णाचा पूर्वेतिहास समोर ठेवून, त्याला याआधी कोणत्या टोकानं अधिक छळलं हे विचारून, गोळी चालू ठेवायची की हळूहळू कमी करायची हे रुग्णाबरोबर बसून ठरवतात.