कशिदा आणि परीट

आपल्याकडे भरतकामाच्या इतिहासावर जें थोडेंबहुत लिहिलें गेलें आहे, त्यांत सुईची स्तुति पुष्कळ आढळते. कापड विणणाऱ्या कोष्ट्याचाही उल्लेख येतो. परंतु ज्याच्या हातून तें वस्त्र वारंवार जात असे व ज्याच्या एका हयगयीनें वर्षभराचें काम मातीस मिळे, त्या परटाचें नांव बहुधा कोणी घेत नाहीं. हें मौन अकारण नव्हे. धुणें हें हलकें मानलेलें, जातीनें नेमून दिलेलें काम. आणि कलेचा विचार करणारा वर्ग तें काम स्वतः करणारा नव्हता. पण जुने ग्रंथ व गेल्या तीनचारशें वर्षांतील प्रवाशांचीं वर्णनें जरा बारकाईनें पाहिलीं म्हणजे असें दिसून येतें कीं, कोणत्या कापडावर कोणत्या धाग्यानें भरावयाचें हें पुष्कळ अंशीं तें वस्त्र घाटावर जावयाचें आहे कीं नाहीं, यावरच ठरत असे.

म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत, कारागिरांपासून प्रजेचें रक्षण कसें करावें हें सांगतांना, रजकांचे नियम दिले आहेत. वस्त्रें लांकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवर धुवावीं. अन्यत्र धुवून त्यांस इजा झाली तर नुकसानभरपाई द्यावी आणि वर सहा पण दंड. रजकानें मुद्गराची खूण असलेल्या वस्त्राखेरीज दुसरें वस्त्र अंगावर घातलें तर तीन पण दंड. गिऱ्हाइकाचें वस्त्र विकलें, भाड्यानें दिलें किंवा गहाण टाकलें तर बारा पण. दुसऱ्याचा भारी अंगरखा लग्नांत मिरवून आणण्याची हौस किती जुनी आहे, हें यावरून कळतें! मुदतीही ठरलेल्या आहेत. कळीसारखें पांढरें वस्त्र एका रात्रींत परत मिळालें पाहिजे. फिकट रंगाच्या वस्त्रास पांच रात्री, निळ्यास सहा. आणि लाख, मंजिष्ठ यांनीं रंगविलेलें, फार मेहनत घेऊन जपून हाताळावें लागणारें, जातिवंत असें जें वस्त्र, त्यास सात रात्री. उशीर केल्यास मजुरी बुडे. पण उंची वस्त्रास घाई करूं नये हेंही शासनानेंच मान्य केलें होतें. त्याहून मार्मिक असा एक नियम आहे. पहिल्या धुण्यांत वस्त्राची किंमत चतुर्थांशानें उतरते आणि दुसऱ्या धुण्यांत पंचमांशानें, असें तेथें गृहीत धरलें आहे. धुणें म्हणजे झीज, आणि झिजेचा हिशेब ठेवतां येतो, ही दृष्टि पाहून नवल वाटतें. शेवटीं एका लहानशा वाक्यांत ग्रंथकार सांगतो कीं, रजकांच्या नियमांवरून तुन्नवायांचे म्हणजे सुईकाम करणारांचे नियम समजून घ्यावे. सुई आणि घाट हीं कायद्याच्या दृष्टीनें अशी एकाच दावणीस बांधलेलीं होतीं.

मनुस्मृतींत आठव्या अध्यायांत परटानें सांवरीच्या गुळगुळीत फळीवर वस्त्रें हळूहळू धुवावीं अशी आज्ञा आहे. सांवरीचें लांकूड मऊ असतें, तेव्हां ही निवड उगाच केलेली दिसत नाहीं. पांचव्या अध्यायांत द्रव्यांचा भेद सांगितला आहे: रेशीम व लोंकर यांस खारी माती, कांबळ्यांस रिठे, तलम अंशुपट्टास बेलफळ, क्षौमास पांढरी मोहरी. यांपैकीं खारी माती रेशमास लावावी हें आजच्या रसायनशास्त्रास पटणार नाहीं, कारण खारानें रेशमाचा तंतु कुजतो. परंतु मनूचा हा विधि शुद्धीचा आहे, टिकाऊपणाचा नव्हे. आमच्या घरांतून रेशमासाठीं रिठे व हिंगणबेटाचा गर वापरण्याची जी चाल होती, ती मात्र अनुभवावरून आलेली असावी. रिठ्याचा फेस मळ काढतो, पण त्यांत सोड्यासारखा तीव्र खार नसतो.

सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए यानें भडोच व नवसारी या बाजूस पांढरें कापड शुभ्र करण्यासाठीं येत असे, असें नमूद केलें आहे. तेथें मोठमोठीं कुरणें होतीं आणि लिंबें विपुल; लिंबाच्या पाण्यांत बुडविल्याखेरीज सुती कापडास खरी शुभ्रता येत नाहीं, असें तो म्हणतो. कारण साधें आहे. भट्टींतला खार कापडांत राहिला तर तें पिंवळें पडतें; लिंबाचें आम्ल तो खार मारून टाकतें.

या विद्येचें सर्वांत सविस्तर वर्णन ढाक्याचें आहे. तेथें कंपनीचा सिव्हिल सर्जन असलेल्या जेम्स टेलरनें १८४० सालीं त्या शहराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला व पुढें तेथील सुती कापडावरील त्याचें पुस्तक १८५१ सालीं लंडनास निघालें. ढाक्याची मलमल सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच मलमलीवर मुगा रेशमानें भरलेला कशिदा बसरा व जिद्दा येथें फेट्यांसाठीं जात असे, हें फारसें कोणास माहीत नसतें. टेलर सांगतो त्याप्रमाणें तलम कापड आपटीत नसत. तें साबण व सज्जीखार यांच्या पाण्यांत भिजवून गवतावर पसरीत, वरून पाणी शिंपडीत, अर्धवट सुकलें कीं रात्रभर वाफेवर ठेवीत. हा क्रम दहाबारा दिवस चाले. अखेरीस स्वच्छ पाण्यांत दर ठाणास एक मोठें लिंबू पिळून त्यांत तें बुडवीत.

एवढ्यानें काम संपत नसे. धुण्यांत सरकलेले धागे पुन्हां जागेवर बसविणारा तो नर्दिया. तुटलेला धागा जोडणारा तो रफूगर. शंखानें घोटून कापडास तुकतुकी आणणारा तो कुंदीगर. आणि त्यानंतर इस्त्रीवाला. डाग काढणारे दाग-धोबी हे तर निराळेच. लोखंडाचे डाग ते आंबुशीच्या रसानें काढीत. इतर डागांस तूप, चुना व खार लावीत. आंबुशींत ऑक्झॅलिक आम्ल असतें व तें गंज विरघळवितें, हें रसायनशास्त्रानें मागाहून सांगितलें. कुशल रफूगर संपूर्ण ठाणांतून एक जाड धागा उपसून त्या जागीं बारीक धागा ओंवीत असे. हे लोक बहुधा अफू खात व तिच्या अमलांत उत्तम काम करीत, असेंही टेलरनें लिहून ठेवलें आहे. डॉक्टराचें मत म्हणून वाचकांनीं त्याची काय ती किंमत करावी.

१८१७ सालीं ढाक्याची कंपनीची व्यापारी कोठी बंद झाली, आणि मागोमाग विलायती सूत आलें. विणकरांची दैना इतिहासकारांनीं नोंदली. पण नर्दिया व दाग-धोबी यांचे धंदे विणकराच्या मागावर उभे होते. माग थांबतांच ते कोणाच्या लक्षांतही न येतां गेले.

जेथें ही सांखळी तुटली नाहीं तें ठिकाण लखनौ. चिकनकाम प्रथम नूरजहाँनें आणलें अशी दंतकथा आहे. नबाबी अमलांत तें भरास आलें हें निश्चित. येथें धुणें ही निगा नव्हे, घडणीचीच शेवटची पायरी आहे. प्रथम छिपी लांकडी ठशांनीं कापडावर वेलबुट्टी उठवितो. ती गोंदांत कालवलेल्या निळीची असते. नीळ तंतूंत मुरत नाहीं, गोंदानें केवळ वर चिकटून राहते. म्हणून ती पुढें धुऊन निघते. त्या रेषांवर बायका टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी असे टांके घालतात. अनेक हातांतून महिनोन्‌महिने फिरून आलेलें कापड घामानें व धुळीनें मळलेलें, वर निळ्या रेघांनीं माखलेलें असतें. त्या अवस्थेंत त्याचें सौंदर्य कोणास दिसणार? तें घाटावर जातें, भट्टींत उकळतें, आणि मग प्रथमच पांढऱ्यावर पांढरें असें चिकन डोळ्यांस दिसतें. भरणारी बाई बहुधा गांवांत आणि घाट शहरांत. तेव्हां तिचें पुरें झालेलें काम प्रथम पाहतो तो धोबी.

आतां सुती कापडावर सुती धागाच कां, याचा उलगडा होतो. कापूस उकळत्या खारास दाद देत नाहीं, रेशीम देतें. बखियाचा धागा कापडाच्या उलट बाजूस राहतो, त्यामुळें घांसला जात नाहीं. जाळीसाठीं धागे कापीत नाहींत, सुईनें बाजूस सारतात; म्हणून ती धुण्यानें उसवत नाहीं, मात्र पिळल्यानें वांकडी होते. लखनौच्या चिकनास २००८ सालीं भौगोलिक चिन्हांकन मिळालें. आतां हें काम जॉर्जेट व शिफॉनवरही होतें. अशा नाजूक कापडास सुताइतकी कडक भट्टी सोसत नाहीं.

याच्या अगदीं उलट जात जरदोजीची. मखमलीवर मुलामा दिलेल्या चांदीच्या तारेचें काम. तें पाण्यांत घालण्याची सोयच नाहीं. हवेंतील गंधकानें चांदी काळवंडते, घांसावें तर मुलामा निघतो. म्हणून असे पोशाख पेशवाईंत जामदारखान्यांत ठेवीत आणि प्रसंगींच बाहेर काढीत. पण त्यांचा शेवट चमत्कारिक होता. कापड विरलें कीं जुनी जर विकत घेणारा दारीं येई, आणि तें सर्व काम चांदीसाठीं जाळलें जाई. ज्याची किंमत तोळ्यांत करतां येते त्या कलेस कोणी दुरुस्त करीत बसत नाहीं.

मधला मार्ग काश्मीरनें काढला. १८२२–२३ सालीं तेथें राहिलेल्या विल्यम मूरक्रॉफ्टनें शालींचें धुणें पाहिलें होतें: थंड स्वच्छ पाणी, साबण फार जपून व पांढऱ्या भागासच, वेलबुट्टीच्या कामास कधींही नाहीं, रंगीत शाल सांवलींत वाळवावयाची. मुंबईच्या पारशी कुटुंबांनीं आणखी एक युक्ति योजिली. चीनहून आलेल्या गारा साड्यांचें रेशीम फाटलें कीं भरलेले कांठ उसवून ते नव्या रेशमावर चढवीत. आजीचें भरतकाम अशा रीतीनें नातीच्या अंगावर येई.

हल्लीं चिकन टिकत नाहीं अशी तक्रार घरोघर ऐकूं येते. माझ्या मतें दोष पुष्कळदां टांक्याचा नसून यंत्रांतील पिळाचा असतो. कांहीं नव्या धुण्याच्या पुडींत प्रथिनें विरघळविणारीं द्रव्यें असतात. तीं अन्नाचे डाग काढतात खरीं, पण रेशीम हेंही प्रथिनच आहे, आणि तींच द्रव्यें तें खातात. रेशमी कशिदा प्रथम ओल्या पांढऱ्या फडक्यानें एका कोपऱ्यांत टिपून पाहावा. रंग उतरला तर तो पाण्यांत घालूं नये. न उतरला तर रिठ्याच्या थंड फेसांत दाबून काढावा, पिळूं नये, सपाट पसरून सांवलींत वाळवावा व जाड टॉवेलावर पालथा घालून मंद इस्त्री करावी, म्हणजे मुर्री व फंदा यांचे दाणे चेपत नाहींत. ट्रंकेंतल्या गंजाचे डाग पांढऱ्या सुती कापडावर पडले असतील तर पावसाळ्यांत परसांत उगवणाऱ्या आंबुशीचा रस अजूनही उपयोगीं पडतो. मात्र नंतर तें कापड दोनतीन पाण्यांतून चांगलें खळबळून काढावें, नाहीं तर आम्ल आंत राहून तेथेंच तें विरतें.