एक साउंड कार्ड, दोन कारभारी

जालना जिल्ह्यातील आष्टीसारख्या गावातल्या शाळेला एखादा जुना संगणक मिळाला, तर त्यावर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली बसवणे सोयीचे असते. समजा, अशा संगणकावर तानपुऱ्याचा आवाज लावून मुलांचे गाणे ध्वनिमुद्रित करायला घेतले आणि त्याच क्षणी तानपुरा बंद पडला. साउंड कार्ड बिघडले, असेच कोणालाही वाटेल. दुरुस्ती करणारा जवळपास नसेल, तर संगणक कोपऱ्यात जाऊन पडेल. लिनक्सवर बरीच वर्षे असे घडत असे, आणि बिघाड मात्र कशातच नसे. असे का होई, हे पाहू या.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली. त्या काळात बहुतेक साउंड कार्डांचा ताबा एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळे. म्हणून मध्यस्थाची कल्पना पुढे आली. सर्व प्रोग्रॅमनी आपापला आवाज मध्यस्थाकडे द्यायचा. त्याने त्यांची बेरीज करून ती कार्डाकडे पाठवायची. हाच साउंड सर्व्हर.

पुढे असे दोन सर्व्हर प्रसिद्धीस आले. २००२ च्या सुमारास पॉल डेव्हिस यांनी संगीतकारांसाठी 'जॅक' तयार केला. २००४ मध्ये लेनार्ट पोटरिंग यांनी रोजच्या वापरासाठी दुसरा सर्व्हर लिहिला. तोच पुढे 'पल्सऑडिओ' झाला.

दोघांचे उद्देश भिन्न होते. संगणक एका सेकंदात ध्वनीचे ४८,००० नमुने घेतो, असे धरू. जॅक २५६ नमुन्यांचे गठ्ठे करत असेल, तर एका गठ्ठ्याला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतला ध्वनी जेमतेम १.८ मीटर जातो. गायकाला एवढा विलंब जाणवत नाही. पल्सऑडिओ मात्र दोन सेकंदांपर्यंतचा ध्वनी आधीच साठवून ठेवू शकतो. त्यामुळे प्रोसेसरला विश्रांती मिळते आणि वीज वाचते. गाणे ऐकणाऱ्याला हे चालते, पण गाणाऱ्याचा ताल चुकतो.

कार्ड एकच आणि कारभारी दोन. समेटाचे वेगवेगळे मार्ग निघाले. एक तोडगा पाळीचा होता: जॅकने मागताच पल्सऑडिओने कार्ड सोडायचे. मात्र मग पल्सऑडिओवर अवलंबून असलेले प्रोग्रॅम मुके होत. आपला तानपुरा बंद पडला तो याच कारणाने. त्यावर पुलाचा उपाय होता. पल्सऑडिओने आपला आवाज कार्डाऐवजी जॅकच्या हाती द्यायचा. कार्ड जॅककडेच राहील. दोन्हींच्या आज्ञावली सर्वांना खुल्या होत्या, म्हणून असा पूल बांधणे सोपे गेले.

शेवटी विम टायमन्स यांनी 'पाइपवायर' लिहिला. तो दोघांचीही भाषा समजतो. त्यामुळे जुने प्रोग्रॅम बदलावे लागत नाहीत. ज्या प्रोग्रॅमला सर्वांत कमी विलंब हवा असेल, त्याच्या बेताने तो गठ्ठ्याचा आकार ठरवतो. २०२१ मध्ये फेडोरा ३४ या लिनक्स आवृत्तीने दोघांच्या जागी त्यालाच बसवले.

विलंब म्हणजे काय, हे मुलांना मैदानावर दाखवता येईल. एका मुलाला ३४ मीटर दूर उभे करून ठेक्यात टाळ्या वाजवायला सांगावे. त्याची टाळी आपल्याला एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येते. आपण ऐकून त्याला साथ दिली, की आपली टाळी त्याच्याकडे पोहोचायला तेवढाच वेळ पुन्हा लागतो. ठेका लवकरच मंदावतो. जॅकला घाई कशाची होती, हे मुले मग आपणच सांगतील.