हिरोशिमातला टाकळा

टाकळा आपल्या ओळखीचा. पहिला पाऊस पडला की बांधावर, उकिरड्यावर उगवतो. कोवळा आहे तोवर त्याची भाजी करायची, पुढं त्याला कोणी विचारीत नाही. त्याचीच एक सख्खी जात जपानात हिरोशिमा शहरी १९४५ साली उगवली.

त्या वर्षी ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठ वाजता शहरावर अणुबाँब पडला. वर्ष संपेतो सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. आता ७५ वर्षं इथं गवताचं पातंही फुटायचं नाही, अशी बोलवा उठली. पण महिनाभरातच राखेतून हिरवळ वर आली! जॉन हर्सी या अमेरिकन बातमीदाराच्या १९४६ च्या वृत्तांतात त्या रोपांची नावंच आहेत. घोळ आहे, चाकवताची जात आहे, आणि शहराच्या मध्यभागी तर टाकळाच टाकळा. वरचं सारं जळालं होतं, मातीखालची मुळं मात्र शाबूत होती.

मग वसंत आला. स्फोटापासून सुमारे १३०० मीटरांवर एका सरकारी कचेरीच्या अंगणात आओगिरीची झाडं होती, आपल्या कौशीच्या कुळातली. एका अंगानं पार होरपळलेली. त्यांनाही पालवी फुटली. १९७३ साली ती शांतिउद्यानात नेऊन लावली.

त्याच वर्षी शहरानं आपलं फूल ठरवलं, कण्हेर. आपण ती कुंपणाला लावतो, गुरं तोंड लावीत नाहीत म्हणून. तिथं जळक्या जमिनीवर ती आधी फुलली, म्हणून तिला हा मान. बाँबमधून वाचलेली झाडं शहरात अजून उभी आहेत. पाटीवर झाडाचं नाव असतं, आणि स्फोटापासूनचं अंतर.