आग्रा रोडवरचा मुक्काम

१६ एप्रिल १८५३ या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली, हे आपण शाळेत मुलांकडून पाठ करून घेतो. पण गावचा कांदा, गूळ, कापूस परमुलखात पोचवणाऱ्या मालट्रकचा इतिहास मात्र क्वचितच कुणी सांगतं. आज तोच विषय घेतला आहे, आणि तोही एकाच रस्त्याच्या आधारानं. हा रस्ता म्हणजे मुंबई-आग्रा रोड. कसारा घाट चढून नाशिक, मालेगाव, धुळे आणि पुढे सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर करीत तो आग्र्याला जातो. लांबी सुमारे १२०० किलोमीटर.

रेल्वे येण्यापूर्वी आपल्याकडची लांब पल्ल्याची वाहतूक मुख्यतः वंजारी-लमाणांच्या तांड्यांकडे होती. कोकणातलं मीठ वर यायचं, देशावरचं धान्य खाली जायचं. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवलं तेही अशाच तांड्यांनी. शेकडो बैल, पाठीवर गोण्या, बायकापोरं बरोबर. तांडा दिवसाकाठी फार तर चार-पाच कोस चालायचा. मग गोण्या उतरवायच्या, त्यांचीच थप्पी लावून आडोसा करायचा आणि बैल चरायला सोडायचे. बैलाला चारा-पाणी आणि विसावा दिल्यावाचून दुसरे दिवशी तो उठणारच नाही, आणि बैल बसला की माणसालाही बसावं लागे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिची गरज लागेल.

१८६५ साली आगगाडी थळ घाट चढून गेली आणि तांड्यांचा धंदा मोडत गेला. पुढे मोटारलॉरी आली. १९२९ नंतरच्या मंदीत तिनं रेल्वेचं गिऱ्हाईक पळवायला सुरुवात केली, तसं सरकार जागं झालं. १९३३ च्या मिचेल-किर्कनेस समितीच्या अहवालानंतर आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं मालट्रकला परवान्याच्या दाव्याला बांधलं. आपला विभाग ओलांडायचा तर पलीकडच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी! राष्ट्रीय परवाना निघाला तो थेट १९७५ साली. मधल्या काळात युद्धातल्या जुन्या लष्करी लॉऱ्या बाजारात आल्या, १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले, आणि रस्त्यावर एक नवीच जमात वस्तीला आली: उस्ताद आणि किन्नर, म्हणजे ड्रायव्हर आणि क्लीनर.

एम. ए. करीत असताना, १९९९ साली, मी पिंपळगावहून इंदूरपर्यंत कांद्याच्या ट्रकमधून गेलो होतो. केबिनमध्ये देवाची तसबीर, पुढे लिंबू-मिरची, सीटमागे एक फळी. ती फळी म्हणजे झोपायची जागा. तिच्यावर किन्नर अंगाचं मुटकुळं करून पडला होता. कांद्याला वारा लागतो, म्हणून ताडपत्री सगळी आवळता येत नाही; आणि पावसाचा थेंब पडला की उठून ती ओढावी लागते. म्हणजे मालाची काळजी झोपेतही सुटत नाही. बिजासनच्या घाटात गाडी दमली, तसा तो पोरगा लाकडी ठोकळा घेऊन उडी मारून उतरला आणि मागच्या चाकाशेजारून पायी चढू लागला. गाडी मागं सरकली तर ठोकळा चाकाखाली घालायचा, एवढंच त्याचं काम. त्याचं वय मी विचारलं. उस्ताद म्हणाले, "साहेब, लायसन काढायला अजून अवकाश आहे त्याला."

घाटमाथ्यावर देवीला हात जोडून झाले, खलघाटला नर्मदेत नाणं टाकून झालं, आणि पहाटे एका ढाब्यावर आम्ही थांबलो. तिथं एक पद्धत पाहिली. जेवणाचे पैसे घेतात, खाटेचे घेत नाहीत. खाटेवर आडवी फळी टाकली की ते टेबल, फळी काढली की बिछाना. उस्ताद जेमतेम दोन तास निजले. भाडं खेपेवर ठरलेलं; वाटेत उभं राहिलेल्या वेळाचा पैसा नाही, आणि उशिरा पोचून कांदा तापला तर बोलणी खायची ती त्यांनीच.

"कायदा नव्हता का?" असं आपण विचाराल. होता तर! १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा, २०२५ पर्यंत. दिवसाला आठ तास काम, लांबच्या पल्ल्यावर फार तर दहा; सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. कलमं वाचली तर मन प्रसन्न होतं. पण हा कायदा लागू व्हायचा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. आमच्या ट्रकच्या मालकाच्या दोन गाड्या होत्या. दोन उस्ताद, दोन किन्नर, मिळून चार. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावं. आपल्या देशातले पुष्कळसे ट्रकमालक असेच एक-दोन गाड्यांचे आहेत. कामगार कमी असले तरी कायदा लावण्याचा अधिकार राज्य सरकारला त्याच कायद्यात दिलेला होता, हेही सांगितलं पाहिजे.

नाक्यांची कथा निराळी. मुंबईच्या वेशीवर मुलुंड आणि दहिसरला जकातीसाठी ट्रकांच्या रांगाच रांगा लागायच्या. बिल्टी हातात घेऊन किन्नर खिडकीशी उभा, उस्ताद स्टिअरिंगवर डोकं टेकून. तीच त्यांची वस्ती. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. व्यापाराच्या दृष्टीनं उत्तमच झालं. मात्र वाचलेला वेळ कुणाच्या वाट्याला गेला, हा प्रश्न मला छळतो. माझ्या समजुतीप्रमाणे तो बव्हंशी पुढच्या खेपेकडे गेला, निजण्याकडे नाही. बैल बसायचा, इंजिन बसत नाही.

राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन ड्रायव्हर असावेत, असा नियम होता. एक हाकील, दुसरा निजेल, हा त्यातला साधा हिशेब. २०१८ साली तो नियम काढून टाकण्यात आला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं आहे. खानदेशातला उन्हाळा ज्यानं पाहिला आहे, त्याला त्याचं मोल सांगायला नको. पण त्याआधीचे लाखो ट्रक अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांतल्या कितीतरींत आता किन्नरही दिसत नाही. रात्री पावसाची सर आली, तर ताडपत्री ओढायला उस्तादच उतरतो.