हृदयातला पातळ पडदा आणि आपला सीमाभाग

१९५६ साली जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सोयरीक तुटली नाही, बोलीही नाही. पण मोठा दवाखाना म्हटलं की आपली माणसं हैदराबाद नाहीतर सोलापूरच गाठायची.

माझ्या आत्याला लहानपणी घसा धरून ताप यायचा, सांधे सुजायचे. त्यातनंच पुढं हृदयाची झडप आवळत गेली. चुलीपुढं बसली तरी धाप लागायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. "पोरीची छाती फाडायची?" म्हणून आजोबांनी नेलंच नाही. १९८३ साली ती गेली.

छाती न उघडता झडप मोकळी करायची पद्धत जपानच्या डॉ. कांजी इनोऊए यांनी आदल्याच वर्षी, १९८२ साली, माणसावर वापरली होती. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यात न्यायची. दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यावर एक पातळ जागा असते; आईच्या पोटात असताना तिथं वाट उघडी असते, जन्मानंतर ती मिटते. तिथंच सुईनं भोक पाडून डावीकडं जायचं आणि झडपेत फुगा फुगवायचा. भोक पाडायची ही युक्ती त्याहून जुनी. अमेरिकेत रॉस आणि कोप या दोघांनी १९५९ साली ती वेगवेगळी मांडली होती. पुढं बेंगळुरूच्या जयदेव संस्थेत डॉ. सी. एन. मंजुनाथ यांनी फुग्याचे असे उपचार फार मोठ्या संख्येनं केले.

धोका होता तो त्या सुईचा. पुढं महाधमनी, मागं हृदयाची पातळ भिंत. डॉक्टरांची भिस्त एक्स-रेवरच्या सावलीवर आणि हाताच्या अंदाजावर. जागा चुकली तर रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचून जीव धोक्यात. आता अन्ननलिकेतून किंवा थेट हृदयात सोनोग्राफीची नळी घालून सुईचं टोक पडद्यावर कुठं टेकलंय ते दिसतं. काही सुयांच्या टोकाला रेडिओ लहरींची ऊर्जा देतात, म्हणून जाड पडद्यावरही जोर लावावा लागत नाही. काही तारा पलीकडं जाताच आपोआप वळतात, म्हणजे समोरच्या भिंतीला टोचत नाहीत.

हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांनाही याच वाटेनं जावं लागतं. फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा डाव्या कप्प्यात उघडतात आणि बिघाड बहुतेक वेळा तिथनंच सुरू होतो, हे फ्रान्सच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवलं.

आपल्याकडं २०१७ साली बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली. डिसेंबर २०२४ मध्ये कलबुर्गीत जयदेवचं ३७१ खाटांचं नवं हृदय रुग्णालय उघडलं. आत्याच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. पण भीती आजही तीच आहे. म्हणून सांगतो, पोराचा घसा दुखून सांधे सुजले किंवा घरातल्या बाईला कामात धाप लागली, तर "अशक्तपणा आहे" म्हणून सोडू नका. वेळेत दाखवा. आणि तुमच्या घरात अशी कुणाची आठवण असेल, तर खाली जरूर लिहा.