पाण्यावाचूनचे बंदर : होर्मुझ पाहिलेल्या प्रवाशांची गोष्ट

होर्मुझ हे नाव आज कानावर पडते ते तेलाच्या जहाजांमुळे. सामुद्रधुनीला हे नाव ज्या शहरामुळे मिळाले, ते मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. इराणच्या दक्षिण किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुमारे ४२ चौरस किलोमीटरचे एक बेट आहे. त्यावर मिठाचे डोंगर आहेत, तांबडी माती आहे. शेती नाही, झाडी नाही आणि पिण्याचे पाणी जवळजवळ नाही. अशा जागी तीन शतके आशियातले एक अत्यंत गजबजलेले बंदर नांदले. चीनपासून रशियापर्यंतचे प्रवासी तेथे येऊन गेले आणि आपापले अनुभव लिहून गेले. ते अनुभव एकमेकांशेजारी ठेवून वाचले, की कोणी काय पाहिले याइतकेच कोणाच्या नजरेतून काय सुटले हेही दिसू लागते. हा धागा त्यासाठी.

आरंभी होर्मुझ बेटावर नव्हतेच. ते मुख्य भूमीवर, आजच्या मिनाबच्या परिसरात होते. १२७० च्या दशकात मार्को पोलो तेथे पोहोचला, तेव्हा मसाले, मोती, रत्ने, हस्तिदंत आणि जरीचे कापड घेऊन हिंदुस्थानातून व्यापारी येत होते. पोलोच्या मनात मात्र भरली (किंवा भरली नाहीत) ती तेथली गलबते. त्यांच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी नव्हे, तर नारळाच्या काथ्याने शिवलेल्या होत्या. अशा गलबतातून समुद्र ओलांडणे म्हणजे जिवावरचा खेळ, असे त्याचे मत झाले आणि पुढे तो खुष्कीच्या मार्गानेच चीनकडे गेला. वास्तविक काथ्याने शिवलेली गलबते शतकानुशतके अरबी समुद्र पार करीत होती. लवचीक असल्यामुळे ती किनाऱ्याच्या वाळूवर आदळूनही चटकन फुटत नसत. व्हेनिसच्या माणसाला हे पटणे कठीण होते. त्याच्यानंतर सुमारे ५० वर्षांनी ओदोरिक हा फ्रान्सिस्कन साधू होर्मुझला अशाच शिवलेल्या गलबतात बसला आणि २८ दिवसांत सुखरूप आपल्या ठाण्याला उतरला!

इ. स. १३०० च्या आसपास मंगोल टोळ्यांच्या सततच्या धाडींना कंटाळून होर्मुझचा शासक बहाउद्दीन अयाझ याने शहरच हलवले. प्रजा, व्यापारी आणि बंदराचे नाव असे सगळे जारून नावाच्या ओसाड बेटावर आले. घोडेस्वारांना समुद्र ओलांडता येत नाही, एवढाच या निवडीमागचा हिशोब. बेटावर शत्रू येणार नव्हता, पण पाणीही येणार नव्हते. त्याची किंमत होर्मुझ पुढे कायम मोजत राहिले.

ही किंमत स्पष्टपणे टिपली ती इब्न बतूताने. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो या नव्या होर्मुझला आला. बाजारपेठा त्याला आवडल्या. मासे आणि खजूर हेच येथले राजभोजन, अशी गावातली म्हणही त्याने नोंदवली. मिठाच्या खडकातून कोरलेली शोभेची भांडी आणि दिवे ठेवायच्या बैठका पाहून तो थक्क झाला. मशिदीच्या दाराशी एका प्रचंड माशाचे डोके ठेवलेले होते. त्याच्या एका डोळ्यातून माणसे आत शिरत आणि दुसऱ्यातून बाहेर पडत, असे तो सांगतो. (देवमाशाची कवटी असावी.) पण याच वर्णनात चार ओळी पाण्याविषयी आहेत. झरे आणि पावसाचे पाणी साठवायची टाकी शहरापासून दूर होती. लोक तेथे पखाली घेऊन जात, त्या भरून पाठीवरून समुद्रापर्यंत आणत आणि होड्यांत घालून शहरात नेत. संपूर्ण होर्मुझ या पखाली वाहणाऱ्या पाठींवर उभे होते, आणि त्या पाठींपैकी एकीचेही नाव कोणत्याही प्रवासवर्णनात आलेले नाही.

त्याने सांगितलेला आणखी एक प्रसंग सोडवत नाही. शहर सोडण्यापूर्वी सुलतानाला भेटावे म्हणून तो वजिराबरोबर समुद्रकाठच्या वाड्याकडे गेला. तेथे मळके, तोकडे अंगरखे घातलेला, कमरेला रुमाल बांधलेला एक म्हातारा उभा होता. शेजारी इब्न बतूताच्या ओळखीचा एक सरदार होता. म्हाताऱ्याला नुसता सलाम करून तो त्या सरदाराशीच गप्पा मारू लागला. तो म्हातारा म्हणजेच सुलतान कुतुबुद्दीन तहमतन, हे वजिराने सांगितल्यावर तो ओशाळला. नंतर दरबार भरला तेव्हाही सुलतानाने कपडे बदलले नव्हते. हातात मात्र मोत्यांची जपमाळ होती, तशी माळ कोणी कधी पाहिली नसेल अशी. मोती काढण्याचा सारा व्यवसाय त्याच्याच ताब्यात होता.

यानंतर पाऊण शतकाने पूर्वेकडून चिनी जहाजे आली. सेनानी झेंग ह याच्या १४१३ च्या सफरीत मा हुआन हा दुभाषा होता. कालिकतहून अनुकूल वारा असेल तर २५ दिवसांत होर्मुझ, असे अंतर त्याने दिले आहे. तो स्वतः मुसलमान असल्याने येथला धर्माचार त्याला आपलासा वाटला. मिठाच्या ताटल्यांत जेवणाऱ्यांना अन्नात वेगळे मीठ घालावे लागत नाही, ही नोंद त्याचीच. रस्त्यावरच्या खेळांत तर तो पुरता रमला. डोळे बांधलेल्या माकडाच्या डोक्यात गर्दीतला कोणीतरी टपली मारी; डोळे सोडल्यावर माकड नेमके त्याच माणसाला शोधून काढी.

याच मा हुआनने लिहून ठेवले आहे की होर्मुझमध्ये गरीब घर एकही नाही. कोणावर आपत्ती आली, तर सगळे मिळून त्याला कपडे, धान्य आणि भांडवल देतात. हे विधान अनेक ठिकाणी होर्मुझच्या वैभवाचा पुरावा म्हणून दिले जाते. ते जपून वाचलेले बरे. मा हुआन होता सम्राटाच्या ताफ्यातला माणूस. होर्मुझच्या राजाने त्या ताफ्याबरोबर सिंह, जिराफ आणि घोडे नजराणा म्हणून धाडले. अशा पाहुण्याला शहर आपली कोणती गल्ली दाखवील? व्यापाऱ्यांमध्ये परस्परांना सावरून घेण्याची रीत असेलही, आणि तसे असेल तर ती मोठी गोष्ट आहे. पण पखाल वाहणारा मा हुआनला दिसलाच नाही, की तो ‘घर’ या मोजणीत बसला नाही, हा प्रश्न उरतोच.

१४४२ मध्ये अब्दुर रझ्झाक आला, तोही राजाचाच माणूस. तैमूरचा मुलगा शाहरुख याचा वकील म्हणून त्याला हिंदुस्थानात जायचे होते. होर्मुझचे सर्वांत भरघोस वर्णन त्याच्या लेखणीतून उतरले आहे. मिसर, शाम, रूम, खुरासान, तुर्कस्तान, चीन येथले व्यापारी एकीकडे. जावा, बंगाल, सिंहलद्वीप, मलबार, गुजरात, गुलबर्गा, झांजीबार, एडन येथले दुसरीकडे. सोने-चांदी वगळता प्रत्येक मालावर दहावा हिस्सा जकात. सर्व धर्मांचे लोक येथे राहतात, कोणावर अन्याय होत नाही, म्हणून शहराला ‘दार-उल-अमान’, म्हणजे अभयाचे घर म्हणतात, असे तो सांगतो. हे औदार्य निव्वळ स्वभावातले नव्हते. ज्या बेटावर काहीच पिकत नाही, त्याला परक्याला दुखावणे परवडत नाही.

पण एवढी स्तुती करणाऱ्या रझ्झाकचा स्वतःचा अनुभव कडू होता. तेथल्या अधिकाऱ्यांनी निरनिराळ्या सबबी सांगून त्याला अडकवून ठेवले. जहाजे सुटण्याचा चांगला काळ निघून गेला आणि मोसमाच्या अखेरीस, वादळे आणि चाचे यांची भीती असताना त्याला गलबतात चढावे लागले. गलबताच्या नुसत्या वासाने तो बेशुद्ध पडला. मोसम हुकल्याने ओमानच्या किनाऱ्यावर उन्हाळा काढावा लागला. तेथे तो आजारी पडला आणि बरोबर आलेला त्याचा भाऊ वारला. पुढे विजयनगरला पोहोचल्यावर होर्मुझच्याच लोकांनी तो शाहरुखचा खरा वकील नसल्याची कंडी पिकवली. हेरातच्या दरबाराने हिंदुस्थानी राजांशी परस्पर संधान बांधावे हे मधल्या दलालांना रुचले नसावे. घोड्यांच्या व्यापारातला त्यांचा नफा मध्यस्थीवरच तर चालत होता.

कारण होर्मुझहून दक्षिणेकडे निघणारा सर्वांत मोलाचा माल घोडा हाच होता. बहमनी काय, विजयनगर काय, दोघांच्याही पागा समुद्रावरून भरल्या जात. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्याची पैदास होईना, त्यामुळे मागणी कधी आटली नाही. ही साखळी एका सामान्य व्यापाऱ्याच्या अनुभवातून कळते. रशियातल्या त्व्हेर शहराचा अफानासी निकितिन १४६९ च्या सुमारास होर्मुझला आला. त्याला कोणी नजराणे दिले नाहीत. त्याने नोंदवले ते अंग भाजणारे ऊन, दिवसातून दोनदा येणारी भरती आणि जड जकात. जगातली प्रत्येक वस्तू येथे मिळते, हे त्यालाही मान्य आहे. पण दहावा हिस्सा रझ्झाकच्या लेखणीत सुव्यवस्थेची खूण होता, तर निकितिनच्या खिशाला तो चटका होता.

निकितिन घोड्यांच्या गलबतातून मस्कत, दीव, खंबायत करीत चौलला उतरला. जवळ एक उमदा घोडा होता. तो विकून नशीब काढायचे, हा बेत. घाट चढून तो जुन्नरला गेला आणि तेथल्या असदखानाने, हा मुसलमान नाही असे कळताच, घोडाच काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा आणि वर १,००० सुवर्णनाणी, नाहीतर दोन्ही विसर, अशी चार दिवसांची मुदत. खुरासानच्या एका मातब्बर गृहस्थाने रदबदली केली म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. अभयाच्या घरातून निघालेला माल सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचला, की नियम बदलत होते. निकितिन परतीला दाभोळहून निघाला, पुन्हा होर्मुझला लागला, पण त्व्हेर त्याला दिसले नाही. वाटेतच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, तो वारला.

या सर्वांनंतर एक प्रवासी आला, ज्याने शहराचे मर्म अचूक हेरले. अफोन्सो द अल्बुकर्क १५०७ मध्ये सहा-सात जहाजांनिशी होर्मुझपुढे उभा राहिला. तोफांनी बंदरातले आरमार बुडवले, खंडणी ठरवली आणि किल्ला बांधायला घेतला. पुढे मात्र त्याने वेगळाच उपाय योजला. बेटाकडे येणाऱ्या पाण्याच्या होड्या अडवायच्या आणि विहिरी नासवायच्या. दोन शतकांपूर्वी इब्न बतूताने कौतुकाने लिहिलेल्या चार ओळी अल्बुकर्कसाठी युद्धाची योजना ठरल्या. स्वतःच्या कप्तानांनी साथ सोडल्यामुळे तेव्हा त्याला माघार घ्यावी लागली. १५१५ मध्ये तो परतला आणि किल्ला त्याच्या हाती आला. गोवा आधीच, १५१० मध्ये, घेतलेले होते. होर्मुझचे घोडे आता गोव्यालाच उतरावेत, अशी व्यवस्था पोर्तुगीजांनी लावली.

अभयाच्या घराला कुलूप लागले ते यानंतर. १५८३ मध्ये जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे साथीदार होर्मुझला पोहोचले. ते इंग्रज, म्हणून संशयित. एका इटालियन प्रतिस्पर्ध्याने चुगली केली आणि सगळ्यांची रवानगी गोव्याच्या तुरुंगात झाली. तेथे त्यांच्या मदतीला धावून आला एक इंग्रज जेझुइट, फादर थॉमस स्टीफन्स. मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारा तो हाच. त्याच्या खटपटीने ते जामिनावर सुटले आणि पुढे गोव्यातून निसटले. होर्मुझविषयी फिचने जे लिहिले त्यात बाजाराचे कौतुक थोडे आहे. जगातले सर्वांत कोरडे बेट, मिठाखेरीज येथे काही होत नाही, पाणी, लाकूड, अन्न सगळे इराणहून येते, हे मात्र त्याने आवर्जून सांगितले.

शेवटही पाण्यानेच केला. शेजारच्या केश्म बेटावरच्या विहिरी सुरक्षित राहाव्यात म्हणून पोर्तुगीजांनी १६२१ मध्ये तेथे किल्ला उभारला. शाह अब्बासच्या फौजेने ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची मदत घेऊन १६२२ च्या आरंभी आधी तोच घेतला. या चकमकीत विल्यम बॅफिन मारला गेला. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ उपसागराला ज्याचे नाव आहे तो हा दर्यावर्दी असा उन्हाच्या देशात पडला. मग होर्मुझला वेढा बसला आणि त्याच वर्षी ते पडले. व्यापार समोरच्या किनाऱ्यावर, गोम्ब्रून ऊर्फ बंदर अब्बासला गेला.

पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमन प्रवासी त्या वेळी मिनाबला येऊन थांबला होता. होर्मुझहून गलबत पकडून हिंदुस्थान गाठायचा त्याचा मनसुबा होता. युद्धाने वाट बंद केली. त्याची गरोदर पत्नी मानी तेथल्या तापाने आजारी पडली आणि ३० डिसेंबर १६२१ ला वारली. त्याने तिचा देह मसाले लावून पेटीत ठेवला आणि तो बरोबर घेऊनच पुढचा सारा प्रवास केला. इराणातून सुरत, सुरतेहून गोवा, आणि अखेर रोम.

होर्मुझ शहरातले आज फार थोडे उरले आहे. बेटाच्या उत्तर टोकाला तांबड्या दगडांचा पोर्तुगीज किल्ला पडक्या अवस्थेत उभा आहे. त्याच्या पोटात, खांबांवर तोललेल्या छताखाली, पाण्याचे एक मोठे टाके आहे.